फोटो शेवटी पाहावेत

स्तनाच्या पुनर्रचनेविषयी विचारायला आलेल्या बाया आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसे बहुधा आधी एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियांचे फोटो. मागणी रास्त आहे. कर्करोगामुळे पूर्ण स्तन काढावा लागणार हे नुकतेच कळलेल्या बाईला पुढे आपण कशा दिसू, हे पाहावेसे वाटणारच. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे, की फोटो शेवटी पाहावेत. फोटो नेहमी चांगल्या वठलेल्या शस्त्रक्रियेचा असतो, आणि तोही सगळे स्थिरस्थावर झाल्यावर काढलेला. मधल्या काळात काय बिघडू शकते, ते आधी कोणाच्या लक्षात येते आणि त्यासाठी पुन्हा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, जावे लागते का, हे त्यात नसते; आणि एका पद्धतीचा दुसरीपासूनचा खरा फरक तर तिथेच असतो. आकार सगळ्याच पद्धतींनी येतो, त्रास मात्र प्रत्येकीचा वेगळा असतो. म्हणून कोणती पद्धत निवडू, असे कोणी विचारले की कोणता त्रास तुमच्या घरात निभावेल, असा उलटा प्रश्न मी विचारते.

आमच्याकडे येणाऱ्या बाया कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली अशा ठिकाणांहून येतात. त्यांच्यातल्या कित्येकींची फाइल आधी परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात उघडलेली असते. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत फाइल मांडीवर धरून बसलेली बाई मी लांबूनही ओळखते. यांपैकी प्रत्येकीला पुनर्रचना लागतेच असे नाही, हेही इथेच सांगून टाकते. गाठ लहान असेल तर फक्त गाठ काढून बाकीचा स्तन राखता येतो आणि मग रेडिएशन देतात. अशा उपचाराने पूर्ण स्तन काढण्याइतकेच आयुष्य मिळते, हे इटलीत आणि अमेरिकेत वीस वर्षे पाठपुरावा केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी २००२ साली दाखवून दिले. काही जणी स्तन काढल्यावर छाती सपाटच ठेवतात, आतल्या कपड्यात भरणीचा किंवा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वापरतात आणि त्यात समाधानी असतात. या निर्णयाला कमीपणाचा मानणारे नातेवाईक मला फार भेटतात. ‘आता डॉक्टर करून देतायत तर करून घे ना,’ असे सांगणाऱ्या नणंदा-जावांना ड्रेन, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी, सांभाळायचा नसतो.

दिसायला सोपी वाट इम्प्लांटची, म्हणजे छातीत कातडीखाली बसवायच्या सिलिकॉनच्या पिशवीची. सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि जेरो यांनी बसवले, आणि तेही स्तनाचा आकार वाढवण्यासाठी. काढलेल्या स्तनाच्या जागी ते वापरण्याची रीत पुढे रुळली. स्तनाबरोबर कातडीही गेलेली असते, म्हणून पुष्कळदा आधी छातीत एक रिकामा फुगा, म्हणजे एक्स्पांडर, ठेवतात आणि टाके भरले की एक-दोन आठवड्यांच्या अंतराने त्यात सलाइन भरत जाऊन कातडी ताणून घेतात. रादोव्हान यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत मी ओपीडीच्या लहानशा खोलीत पुष्कळ वेळा पाहिली आहे. छातीवर एक छोटे चुंबक फिरवले की आतल्या झडपेची जागा सापडते, तिथे खूण करून बारीक सुई घालतात आणि सिरिंजने पाणी आत ढकलतात. सुई बहुधा टोचलेली कळतही नाही, कारण तिथली कातडी बधिर झालेली असते. त्रास होतो तो त्या रात्री. ‘छातीवर पाटा ठेवून निजल्यासारखं वाटतं, सिस्टर,’ असे घणसोलीच्या एक काकू म्हणाल्या होत्या, आणि मला याहून नेमके वर्णन अजून सुचलेले नाही. दोन दिवसांनी ताण सैल पडतो, आणि पुन्हा भरायची तारीख येते.

इम्प्लांटच्या गुंतागुंतींमध्ये सगळ्यांत चिवट प्रकार कॅप्सूलचा. शरीरात कोणतीही परकी वस्तू ठेवली की तिच्याभोवती तंतूंचा पातळ पडदा, म्हणजे कॅप्सूल, तयार होतो. तो प्रत्येकीत होतो आणि त्यात गैर काही नाही. काहींच्या बाबतीत मात्र तो आकसत जातो, इम्प्लांट आवळले जाते, स्तन कडक लागतो, वर सरकतो आणि पुढे दुखू लागतो. बेकर यांच्या प्रतवारीत याच्या चार पायऱ्या आहेत: पहिलीत हाताला काही जाणवत नाही, चौथीत स्तन कडक, वाकडा आणि दुखरा झालेला असतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बहुतेक वेळा पडदा काढून इम्प्लांट बदलावे लागते. हा त्रास रेडिएशनने, ज्याला आमच्याकडच्या बाया शेक म्हणतात, ठळकपणे वाढतो. आपल्याकडे अनेक जणी काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेल्यावर येतात, त्यामुळे त्यांना शेक चुकत नाही. आणि म्हणूनच ‘इम्प्लांट सोपे’ हे वाक्य मला अर्धवट वाटते. ज्यांना शेक लागणार हे नक्की आहे, त्यांना प्लास्टिक सर्जन अनेकदा सुचवतात की सध्या नुसता एक्स्पांडर ठेवू किंवा काहीच करू नये, आणि शेक संपून कातडी निवल्यावर स्वतःच्या मांसाची पुनर्रचना करावी. हे ऐकताना बाईचा चेहरा उतरतो. एका फटक्यात सगळे आटोपावे, अशी तिची अपेक्षा असते.

जंतुसंसर्ग ही दुसरी भीती, आणि तिची किंमत आकारात मोजायची नसते. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर जंतू एक चिकट थर करून बसले की अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत धड पोचत नाही. लालसरपणा औषधांनी ओसरला नाही तर इम्प्लांट काढून टाकावे लागते आणि काही महिने थांबून पुन्हा सुरुवात करावी लागते. या काळात केमो सुरू व्हायची असेल तर ती लांबते. पुनर्रचनेने कर्करोग परत येण्याची शक्यता वाढत नाही आणि परत आलेला आजार लपूनही राहत नाही, हे आता मान्य झालेले आहे. पण चिघळलेल्या जखमेने मूळ उपचार रखडवला, तर तो तोटा पुनर्रचनेच्याच खात्यावर जातो. म्हणूनच कमी बिघडणारी पद्धत कधी कधी जास्त सुंदर पद्धतीहून चांगली ठरते.

इम्प्लांटवाल्या बायकांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते, ती कार्डाची. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड देतात, ते आधारकार्डाच्या जोडीने जपून ठेवावे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ प्रकारचा लिंफोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, होऊ शकतो हे लक्षात आल्यावर २०१९ साली एका कंपनीने अशा इम्प्लांटचा एक प्रकार जगभरच्या बाजारातून परत बोलावला. तेव्हा काही जणी घाबरून फोन करू लागल्या, पण आपल्या छातीत नेमके काय बसवले आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येत होते. इम्प्लांट बसवून काही वर्षे उलटल्यावर ज्या बाजूला अचानक सूज येते किंवा पाणी साठते, ती बाजू तपासून घ्यावी. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण तपासल्याशिवाय ते साधे आहे असे धरू नये. शिवाय इम्प्लांट जन्मभराचे नसते. ते केव्हातरी बदलावे लागेल, हे पस्तिशीच्या बाईला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

दुसरी वाट स्वतःच्या मांसाची, आणि तिचा इतिहास मला जास्त जवळचा वाटतो. हायडेलबर्गच्या चेर्नी यांनी १८९५ मध्ये एका स्त्रीच्या कमरेजवळची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनाच्या जागी बसवली, हा पुनर्रचनेचा पहिला नोंदलेला प्रयत्न समजतात. पण एका जागचे मांस त्याचा रक्तपुरवठा न तोडता दुसऱ्या जागी वळवायचे, हे तत्त्व त्याहून जुने आहे, आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नाक करून दिल्याची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली होती. कपाळावरची कातडी भुवईजवळच्या देठाला जोडलेली ठेवूनच खाली वळवलेली होती. पाठीचा लॅटिसिमस डोर्सी नावाचा रुंद स्नायू काखेतल्या रक्तवाहिनीच्या देठावर फिरवून छातीवर आणतात, तेव्हा तत्त्व तेच असते. तान्सिनी या इटालियन सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत वापरली, मग ती मागे पडली आणि १९७० च्या दशकात पुन्हा वर आली.

पाठीचा फ्लॅप, म्हणजे असे रक्तवाहिनीसकट हलवलेले मांस, भरवशाचा आहे. त्याचा रक्तपुरवठा सहसा दगा देत नाही. मोबदल्यात पाठीत पाणी साठते, ज्याला सिरोमा म्हणतात, आणि ड्रेन काढल्यावरही ते पुन्हा पुन्हा सुईने काढावे लागू शकते. नोकरी करणारी कळव्याची बाई विचारते, ‘हात वर करून दांडी धरता येईल का?’ बहुतेकींना व्यायामाने येते. अंग वर ओढून चढण्याची ताकद थोडी कमी पडते, हे मी लपवत नाही, कारण सकाळच्या गर्दीत डब्यात चढणे म्हणजे दुसरे काय असते?

पोटाच्या मांसाची पद्धत १९८२ साली हार्ट्रम्फ यांनी प्रसिद्ध केली. बेंबीखालची कातडी आणि चरबी पोटाच्या उभ्या स्नायूसकट वर आणायची, असे तिचे स्वरूप होते. स्नायू गेल्याने पोटाची भिंत कमकुवत होते, फुगवटा येतो, काहींना हर्निया होतो आणि जाळी बसवावी लागते. यावर उपाय म्हणून स्नायू जागेवरच ठेवून त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेण्याची पद्धत आली. जपानमध्ये कोशिमा यांनी १९८९ मध्ये अशा फ्लॅपचे वर्णन केले आणि अमेरिकेत ॲलन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो स्तनासाठी वापरला. हाच डीप फ्लॅप. त्यात मांस शरीरापासून पूर्ण सोडवतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या बरगडीमागच्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. एका बाजूला सहा-आठ तास सहज जातात. सोडवलेला फ्लॅप पूर्ण मरण्याचे प्रमाण अनुभवी हातांत शंभरात एक ते तीनच्या आसपास सांगतात. आकडा लहान आहे, पण त्या शंभरांत तुम्ही कोण, हे पहिल्या दोन रात्री ठरते.

त्या रात्रींचे काम आमचे. बाईला कमरेतून वाकवून निजवलेले असते, म्हणजे पोटाच्या टाक्यांवर ताण पडत नाही. खोली उबदार ठेवायची असते, एसी बंद, अंगावर पांघरूण, मे महिना असला तरी. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब पडला की जोडलेली जागा आधी रुसते. गाउनची गाठ त्या बाजूला नको, त्या कुशीवर वळणे नको. दर तासाला, कुठे अर्ध्या तासाला, टॉर्च लावून फ्लॅपची कातडी पाहायची, हाताच्या पाठीने ऊब पाहायची, बोटाने दाबून सोडायचे आणि पांढरा पडलेला ठिपका परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दोन-तीन सेकंद लागले तर ठीक. रंग यायला फार वेळ लागला आणि कातडी फिकट व गार असेल, तर रक्त आत येत नाही, धमनी अडली आहे. ठिपका झटकन भरला, कातडी जांभळट आणि तट्ट फुगलेली असेल, तर रक्त आत येते पण बाहेर जायला वाट नाही. शिरेत गुठळी झाली आहे. नव्या सिस्टरला हा दुसरा प्रकार फसवतो, कारण झटकन भरणे चांगलेच, असे तिला वाटते. शिरेची अडचणच जास्त वेळा येते. मग डॉपलर, म्हणजे कातडीवर टेकवायची छोटी पेन, शाईच्या खुणेवर ठेवायची आणि रक्त वाहण्याचा आवाज ऐकायचा. मघाशी तालात येणारा सूं-सूं आवाज आता येत नाही, असे वाटले तर चार ठिकाणी शोधत बसू नये; पेन बाजूला ठेवून सर्जनला फोन लावावा. काही तासांत ओटीत परत नेऊन गुठळी काढली तर फ्लॅप वाचतो, सकाळच्या राउंडची वाट पाहिली तर बहुधा वाचत नाही. खोटा निघालेला फोन कोणत्याही शहाण्या सर्जनला वावगा वाटत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या तयारीत एक प्रश्न फार हलक्यात घेतला जातो. ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले की पन्नाशीच्या मावशी पदराआड हसतात. ‘मिश्री लावता का?’ असे विचारले की हसू थांबते. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड सकाळी दातांना लावणाऱ्या बाया ठाणे-रायगडात अजून पुष्कळ आहेत, आणि आपण तंबाखू घेतो असे त्यांच्या मनातही नसते. हिरड्यांतून रक्तात गेलेले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते. परिणामी स्तन काढल्यावर उरलेल्या पातळ कातडीची कड काळी पडते, पोटाची जखम मध्येच उसवते. निदान चार आठवडे आधी मिश्री सोडायला सांगतात. त्याऐवजी मंजन दिले तर चालते, पण पहिल्या आठवड्यात पोट साफ होत नाही ही तक्रार येणार, त्याचे औषधही आधीच द्यावे. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी घेणाऱ्या बाईने तेही सर्जनला सांगावे, कारण त्याने रक्त गोठण्याची शक्यता थोडी वाढते आणि सोडवलेल्या फ्लॅपआधी अनेक सर्जन ती गोळी काही आठवडे थांबवतात. स्वतःच्या मनाने मात्र ती बंद करू नये.

घरी गेल्यावर गुंतागुंतींचा रंग बदलतो, त्या संथ होतात. ड्रेनची बाटली रोज ठरल्या वेळी रिकामी करून आकडा वहीत लिहायचा. चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढतात. पोटावर पट्टा, पाण्याची कळशी उचलायची नाही, खोकला आला तर उशी पोटाशी धरायची. काही महिन्यांनी फ्लॅपमध्ये एक कडक गोळी हाताला लागते आणि घरात पुन्हा सुतक येते. पुष्कळदा ती रक्त कमी पडून मेलेल्या चरबीची गाठ असते, निरुपद्रवी. पण हे सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास सुईच्या तपासणीने ठरवायचे. नवा स्तन बधिर असतो, हे तर बाई विसरूनच जाते. पाठ दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन एका कुशीवर झोपलेल्या ऐरोलीच्या एका ताईंच्या फ्लॅपवर फोड आले तेव्हा त्यांना काहीच कळले नव्हते, सकाळी गाउनला पाणी लागलेले दिसले. तेव्हापासून डिस्चार्जच्या कागदावर गरम पिशवी नको, हे वाक्य आम्ही हाताने लिहितो.

पैशांविषयीही थोडे. विमा कंपनीच्या टेबलावर पुनर्रचनेला कॉस्मेटिक म्हणून नकार मिळाल्याच्या तक्रारी येतात. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्याच्या कलमातच, अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या वगळण्यात येत नाही, असे लिहिलेले आहे. आपल्या पॉलिसीतले ते वाक्य काढून अर्जाला जोडावे आणि सर्जनच्या पत्रात कर्करोगानंतरची पुनर्रचना हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत. निम्मी भांडणे तिथेच संपतात.

शेवटचा टप्पा स्तनाग्राचा. छातीवरच्याच कातडीच्या लहानशा पाकळ्या वळवून ते करतात आणि भोवतीचा गडद रंग गोंदवून आणतात. कातडीचे ते टोक कालांतराने बसते, म्हणून सुरुवातीला मुद्दाम थोडे उंच ठेवतात. स्थानिक भूल पुरते, धोका फारसा नसतो, आणि तरीही कित्येक जणी या टप्प्यासाठी येतच नाहीत. बोलावले तर सांगतात, ‘आता नको सिस्टर, पुरे झालं.’ मला आधी ते अर्धवट सोडलेले काम वाटे, आता वाटत नाही. अशा एका काकूंनी नुकतीच ती तारीख रद्द केली आणि त्याच फोनवर दुसऱ्या, न काढलेल्या स्तनाच्या मॅमोग्राफीची वेळ मागून घेतली.